रामरक्षेतली 'जंघा' गुडघ्याच्या वर की खाली?

पानगळ

मुलीला रामरक्षा शिकवते आहे. नुसतं घोकायला लावलं की कंटाळते, म्हणून कवचाच्या श्लोकांना एक खेळ जोडला: ज्या अवयवाचं नाव येईल तिथे हात लावायचा. 'शिरो मे राघवः पातु' म्हटलं की डोकं, 'भालं दशरथात्मजः' म्हटलं की कपाळ. मग डोळे, कान, नाक, तोंड, जीभ, गळा, खांदे, दंड असं उतरत उतरत आम्ही पायांपर्यंत येतो.

'जानुनी सेतुकृत्पातु' म्हणजे गुडघे, इथपर्यंत सगळं सुरळीत. पुढे 'जङ्घे दशमुखान्तकः' आलं आणि माझा हात आपसूक मांडीवर गेला. त्यावर तिचं म्हणणं, "आपण खाली चाललोय ना? मग परत वर कशाला?"

पुस्तक काढून पाहिलं. 'ऊरू रघूत्तमः पातु' याचा अर्थ मांड्या दिलाय आणि 'जङ्घे'चाही मांड्याच. रामाला एकाच अवयवाचं रक्षण दोनदा करायला कोण सांगेल? बरं, मराठीत जांघ म्हणतो ती तर मांडीच्याही वर. मग ही जंघा आहे तरी कुठे? जाणकारांनी सांगावं.

उगाच

जंघा म्हणजे मांडी. हिंदीत जाँघ म्हणतात, सगळ्यांना माहीत आहे. स्तोत्रात वृत्त सांभाळायचं असतं, शब्द बसेल तिथे बसवतात. एवढा काथ्याकूट कशाला?

शब्दवेडा

उगाचराव, वृत्त अनुष्टुभ आहे, त्यात वाट्टेल ते बसतं. रामरक्षा रचणाऱ्या बुधकौशिकांना मांडी गुडघ्याच्या वरच ठेवायची असती तर काहीच अडचण नव्हती. आणि ठेवलीच आहे की! ऊरू, जानुनी, जङ्घे, पादौ हा क्रम पाहा. मांड्या, गुडघे, जंघा, पावलं. गुडघा आणि पाऊल यांच्यामध्ये जे आहे ती जंघा. पानगळताई, लेकीचं बरोबर आहे.

एका स्तोत्रावर विश्वास नसेल तर देवीकवच घ्या. 'कट्यां भगवती रक्षेज्जानुनी विन्ध्यवासिनी, जङ्घे महाबला रक्षेत्' आणि लगेच पुढे 'गुल्फयोर्नारसिंही च'. गुल्फ म्हणजे घोटा. इथे तर जंघेला दोन्हीकडून कुंपणच घातलंय, वर गुडघा आणि खाली घोटा.

अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, मनुष्यवर्ग या भागातली अवयवांची यादी पावलांपासून वर चढते. तिथेही घोट्यानंतर 'जङ्घा तु प्रसृता', मग जानू, मग सक्थि आणि ऊरु, मग वंक्षण. आपण मराठीत ज्याला जांघ म्हणतो त्याला संस्कृतात हा वेगळा शब्द आहे, वंक्षण. मांडी आणि धड जिथे मिळतात तो सांधा.

म्हणजे संस्कृतातली जंघा गुडघ्याखाली, हिंदीतली जाँघ गुडघ्यावर आणि मराठीतली जांघ पार वरच्या वळचणीला. एकच शब्द शिडी चढत गेलाय.

उगाच

बरं. मग भीमाने दुर्योधनाची काय पोटरी फोडली?

तिरकस

हाहा, गदायुद्धात पोटरीवर मारलं असतं तर बलराम एवढे चिडले नसते.

शब्दवेडा

प्रश्न चांगला आहे आणि उत्तर सोपं. महाभारतात तिथे 'ऊरु' आहे, जंघा नाही. भासाच्या नाटकाचं नावच 'ऊरुभंग'. द्यूतसभेत दुर्योधनाने द्रौपदीला दाखवली ती डावी मांडी; त्या हावभावातला अपमानच 'मांडीवर येऊन बस' असा होता, तो नडगी दाखवून झाला नसता. नाभीच्या खाली गदा मारायची नाही हा नियम मोडला म्हणून बलराम संतापले. 'जंघा' हा शब्द आपल्या कानात बसलाय तो हिंदी पौराणिक मालिकांमुळे. 'दुर्योधन की जंघा' इतक्यांदा ऐकलंय की मूळ शब्द तोच असणार असं वाटतं.

वैद्यबुवा

शब्दवेडा यांच्याशी सहमत. आमच्याकडे आयुर्वेदात तर यात वादाला जागाच नाही. सुश्रुत मर्मं, म्हणजे शरीरातली नाजूक ठिकाणं, सांगताना जानूची व्याख्या देतो: जंघा आणि ऊरु जिथे जुळतात तो सांधा. गुल्फाची व्याख्या: पाद आणि जंघा जिथे जुळतात तो. जंघेच्या मध्यावर इंद्रबस्ति नावाचं मर्म, ते पोटरीच्या जाड मांसात येतं. १०७ मर्मांची मोजदाद करणारा माणूस अवयवांच्या हद्दींबाबत ढिला असणं शक्य नाही.

चरकात गृध्रसीचं वर्णन आहे, आजकाल सायटिका म्हणतात ती. कळ कशी उतरते? 'स्फिक्पूर्वा कटिपृष्ठोरुजानुजङ्घापदं क्रमात्'. कुल्ल्यापासून सुरू होऊन कंबर, पाठ, मांडी, गुडघा, जंघा, पाऊल. आणि शेवटी तो स्वतःच म्हणतो 'क्रमात्', म्हणजे ओळीने. रुग्ण समोर बसतो आणि दुखण्याची रेघ बोटाने काढून दाखवतो ना, कुल्ल्यावरून मागच्या बाजूने सरळ खाली पोटरीच्या बाहेरच्या अंगाला, घोट्यापर्यंत, ती हुबेहूब हीच ओळ. तिथे जंघेला मांडी मानलं तर कळ गुडघ्यावरून उडी मारून माघारी जाईल.

शरीररचनेच्या पुस्तकांतही हाच अर्थ टिकलाय. मांडीचं हाड ते ऊर्वस्थि. गुडघ्याखालची दोन हाडं, आतलं जाड ते अंतर्जंघास्थि आणि बाहेरचं बारीक ते बहिर्जंघास्थि. क्ष-किरण चित्र घेऊन येणाऱ्याला हे शब्द सांगून उपयोग नसतो, त्याला 'नडगीचं हाड' म्हणावं लागतं, पण परीक्षेत हेच लिहायचे.

कोरी_पाटी

पण मग योगाच्या वर्गात 'जंघाशक्तिविकासक' करवून घेतात त्यात सगळा ताण मांड्यांवर येतो, त्याचं काय? सूक्ष्म व्यायामातला प्रकार आहे.

शब्दवेडा

तो हिंदीतला अर्थ. त्याच मालिकेत पुढे 'पिंडलीशक्तिविकासक' येतो ना? पोटऱ्यांसाठी पिंडली वापरली, म्हणजे जंघा मांडीसाठीच राखली. शब्द संस्कृत दिसतो, अर्थ हिंदी आहे. ही गल्लत फार ठिकाणी होते.

पानगळ

सगळ्यांचे आभार. एक शंका उरली. कवचात 'सुग्रीवेशः कटी पातु' नंतर 'सक्थिनी हनुमत्प्रभुः' आहे आणि मग 'ऊरू'. वर तुम्हीच लिहिलंत की अमरकोशात सक्थि आणि ऊरु शेजारी शेजारी येतात. मग सक्थि म्हणजे काय?

उगाच

सक्थि म्हणजेही मांडीच! शब्दकोश मीही उघडू शकतो. म्हणजे मांडी दोनदा आलीच की. 'एकच अवयव दोनदा कोण सांगेल' हा मुद्दा निकालात. :)

शब्दवेडा

हे मात्र खरं की अमरकोश दोघांना समानार्थी मानतो. पण इथे सक्थि कंबर आणि मांडी यांच्या मध्ये आली आहे, म्हणून तिथे खुब्याकडचा भाग, मांडी जिथून फुटते तो, असा अर्थ लावतात. आणि समजा मांडी दोनदा आली असं धरलं, तरी दोन्ही वेळा ती गुडघ्याच्या वरच आली. जंघा गुडघा ओलांडल्यावर येते. क्रम कुठेच मोडत नाही. त्यामुळे निकालात निघाला असेल तर तुमचा मुद्दा.

लिंबोणी

धागा वाचून आमच्या आजीची आठवण झाली. तिच्या तोंडी जंघा नव्हती, जांघ मात्र पुष्कळ असे. पायाला ठेच लागून पिकली, काटा आत मोडून राहिला की दोन दिवसांनी चालताना जांघ दुखायला लागायची. ती बोटं फिरवून बघायची, बोराएवढी गाठ हाताला लागली की म्हणायची, "अवधाण आलंय. जांघेला काही लावू नका, आधी पाय बघा." हा शब्द आता कुणी वापरतं का? माझ्या मुलांना सांगितलं तर त्यांना 'अवधान' ऐकू आलं.

वैद्यबुवा

लिंबोणीताई, सुंदर शब्द काढलात. अवधाण म्हणजे दूरच्या जखमेमुळे जांघेत आलेली गाठ, एवढा सगळा अर्थ एका शब्दात. आजींचं निदानही अचूक. पायातली लसिका (लिंफ) वर चढते ती जांघेतल्या लसिकाग्रंथींमधून गाळली जाते. पावलाला जंतुसंसर्ग झाला की त्या ग्रंथी सुजतात. जांघेचा काही दोष नसतो, म्हणून 'आधी पाय बघा'. दुखत नसलेली, कडक, हळूहळू वाढणारी गाठ असेल तर मात्र अवधाण म्हणून सोडू नये, दाखवून घ्यावी. आणि खोकताना बाहेर येणारा, आडवं झालं की आत जाणारा फुगवटा असेल तर तो अंतर्गळ (हर्निया), त्याचा पायाशी संबंध नाही.

जांघेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. १८९६ मध्ये मुंबईत आणि १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला तेव्हा घरोघर पहिली तपासणी व्हायची ती काख आणि जांघ यांची. पिसू बहुतेक वेळा पायाला चावते, म्हणून गाठ बहुतेक वेळा जांघेत. गाठीच्या प्लेगला ब्युबॉनिक म्हणतात, त्यातला मूळ ग्रीक शब्द 'बुबॉन' म्हणजे जांघच.

तिरकस

म्हणजे ग्रीकांनीही रोगाला अवयवाचंच नाव दिलं.

अवांतर: आमच्याकडे ढोपर म्हणजे गुडघा. माझ्या रूममेटच्या घरी ढोपर म्हणजे कोपर. तो 'ढोपर टेबलावर आपटलं' म्हणाला तेव्हा हा टेबलाखाली काय करत होता असा प्रश्न मला पडला होता.

कोरी_पाटी

ढोपर म्हणजे गुडघाच. कोपराला कोपर हा शब्द असताना ढोपर कशाला लागेल?

रानवाट

आमच्या घरी ढोपर कोपरालाच. गुडघ्याला गुडघा हा शब्द असताना ढोपर कशाला लागेल? :)

संपादक

ढोपरासाठी वेगळा धागा काढावा, ही विनंती. इथे जंघेपुरतं बोलू.

दगडफोड्या

जंघेपुरतंच बोलतो. मंदिरं बघत फिरणाऱ्यांना हा शब्द रोजचा. नागर शैलीच्या देवळाची बाहेरची भिंत पाहा. खाली पीठ, त्यावर वेदीबंधाचे थर, मग उभी भिंत जिच्यावर देवदेवता, सुरसुंदरी, देवकोष्ठं असतात, ती जंघा. तिच्यावर वरंडिका, म्हणजे भिंतीच्या माथ्याचे आडवे थर, आणि मग शिखर सुरू. खजुराहोच्या कंदारिया महादेवाच्या जंघेवर मूर्तींचे तीन पट्टे आहेत, एकावर एक. देऊळ म्हणजे उभा पुरुष, ही कल्पना शब्दाशब्दांत दिसते: शिखराचा खांदा तो स्कंध, त्यावरची मान ती ग्रीवा, मग आमलक आणि कलश.

पण मला नेहमी प्रश्न पडायचा, की पाय एवढे उंच आणि धड कुठे गेलं? जंघा मांडी म्हणा नाहीतर नडगी म्हणा, देवळाच्या मापात दोन्ही बसत नाहीत. स्थपतींनी जंघा म्हणजे 'ज्यावर वरचा भार उभा आहे तो भाग' एवढाच अर्थ घेतला असावा असं माझं मत.

शब्दवेडा

तुमचं मत पटण्यासारखं आहे. जंघा हा मुळात हालचालीचा आणि उभं राहण्याचा शब्द. अवेस्तातला, म्हणजे पारशी धर्मग्रंथाच्या जुन्या इराणी भाषेतला, 'झंग', इंग्रजीतला जुन्या अर्थाचा 'गँग' म्हणजे चालणं, ही सगळी एकाच घरची भावंडं. अमरकोशात जोरात पळणाऱ्याला 'जंघाल' म्हटलंय आणि पायी निरोप पोचवून पोट भरणाऱ्याला 'जांघिक'. म्हणजे आपला जासूद. जांघिक आणि जांघिया यांचं मूळ एक असलं तरी दोघांची गाठ न घातलेली बरी.

ऋग्वेदात विश्पलेची गोष्ट आहे. युद्धात तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला 'आयसी जंघा' बसवली, धातूची. पहिल्या मंडलातलं ११६वं सूक्त. कुणी मांडी म्हणतं, कुणी नुसता पाय. गुडघ्याखालचा कृत्रिम पाय म्हटलं की चित्र जास्त नीट उभं राहतं, निदान माझ्या डोळ्यांपुढे.

रानवाट

मग कांचनजंघा? सोन्याची नडगी?

शब्दवेडा

ती नडगीही नाही आणि मांडीही नाही. तिबेटी नाव आहे: गांग म्हणजे हिम, चेन म्हणजे मोठं, झो म्हणजे खजिना, ङा म्हणजे पाच. हिमाचे पाच मोठे खजिने, पाच शिखरांवरून. ते नाव कानाला संस्कृतसारखं लागलं आणि बंगालीत 'काञ्चनजङ्घा' असंच रूढ झालं. ८,५८६ मीटर उंचीचं, जगातलं तिसरं शिखर. तिथे आपण अवयव शोधत बसलोय.

पानगळ

छान माहिती मिळतेय. पण माझी अडचण अजून तशीच आहे. मुलीला मराठीत 'जंघा म्हणजे' काय सांगू? पोटरी? नडगी?

लिंबोणी

पोटरी सांगा की.

वैद्यबुवा

पोटरी मागची, नडगी पुढची. जंघा म्हणजे दोन्ही मिळून, आतल्या हाडांसकट.

शब्दवेडा

आणि खरी मेख इथेच आहे. गुडघ्यापासून घोट्यापर्यंतच्या अख्ख्या तुकड्याला रोजच्या मराठीत एक नावच नाही. टेबलाला आपटते ती नडगी. चालून चालून भरून येतात त्या पोटऱ्या, काहींच्या तोंडी पिंढऱ्या. सगळा मिळून 'पाय'. आणि पाय म्हणाल तर तो खुब्यापासून बोटांपर्यंत कुठेही असू शकतो. 'पाय मोडला' म्हणजे मांडीचं हाडही असेल, 'पाय मुरगळला' म्हणजे घोटा, 'पाय धुऊन ये' म्हणजे पावलं, आणि 'पायावर डोकं ठेवलं' म्हणजे तीच पावलं, पण धुतलेली असतील याची खात्री नाही.

हाताचंही तसंच आहे. खांदा ते कोपर दंड, हे ठीक. कोपर ते मनगट? पुस्तकात प्रकोष्ठ किंवा अग्रबाहू. बोलताना 'हात'. बोलीला जिथे वेगळं काम पडतं तिथेच ती वेगळं नाव ठेवते. नडगीला मार लागतो, पोटरीत गोळा येतो, म्हणून त्यांना नावं मिळाली. अख्ख्या जंघेला एकत्र असं काही होत नाही.

म्हणून अर्थ लिहिणाऱ्यांची पंचाईत होते. 'जङ्घे'समोर एक मराठी शब्द लिहायचा, तो सापडत नाही, शेजारच्या हिंदीत जाँघ तयार असते, ती उचलली जाते. मग 'मांड्या' दोनदा.

दगडफोड्या

पटलं. तुमच्या 'शेजारून उचललं'ला माझी पुस्ती: मांडीकडे मात्र मराठीने फार लक्ष दिलंय. मांडी घालून बसणे, मांडीला मांडी लावून बसणे, मूल मांडीवर घेणे, दत्तक मांडीवर बसवणे, घोड्यावर मांड ठोकणे. अवयव, बसण्याची रीत आणि कूस, तिन्ही एकाच शब्दात.

लिंबोणी

आणि पोटरीला शेतात पण काम आहे. ज्वारीचं कणीस बाहेर पडायच्या आधी पानाच्या आवरणात फुगतं तेव्हा 'ज्वारी पोटरीत आली' म्हणतात. पोट, पोटरी, फुगीरपणा तोच.

वैद्यबुवा

पोटरीच्या मोठ्या स्नायूचं नाव 'गॅस्ट्रोक्नीमिअस'. ग्रीक 'गास्टर' म्हणजे पोट, 'क्नीमी' म्हणजे गुडघ्याखालचा पाय. पायाचं पोट. मराठी माणसाने आणि ग्रीक माणसाने एकमेकांना न विचारता तेच पाहिलं. विद्यार्थ्यांना हे नाव पाठ होत नाही, त्यांना मी 'पोटरीतलं पोट आठव' एवढंच सांगतो.

उगाच

सगळं वाचलं. हिंदीत मांडी हा अर्थ चुकीचा नाही एवढं तरी मान्य करा. कोट्यवधी लोक बोलतात.

शब्दवेडा

शंभर टक्के मान्य. हिंदीत जाँघ म्हणजे मांडीच, मराठीत जांघ म्हणजे मांडीच्या मुळाशी असलेली वळचण, आणि दोन्ही बरोबर. बोलणारे जो अर्थ घेतात तो त्या भाषेतला अर्थ. फक्त संस्कृत ओळ वाचताना संस्कृतातला घ्यायचा.

पानगळताई, 'जङ्घे' हे द्विवचन आहे, जंघा या स्त्रीलिंगी शब्दाचं, जसं माला, माले. त्यामुळे दोन्ही हात दोन्ही पायांवर. मी तुमच्या जागी असतो तर 'गुडघ्याखालचे पाय' म्हटलं असतं. दोन शब्द लागतात, पण कुणाची फसगत होत नाही.

पानगळ

'गुडघ्याखालचे पाय' हेच ठरलं. आता तिने पुढचा प्रश्न काढलाय, तोही टाकते. 'मध्यं पातु खरध्वंसी' मधला मध्य म्हणजे कंबर ना? पुस्तकात तसंच आहे. मग पुढे 'कटी' पुन्हा येते.

वैद्यबुवा

हृदय, मध्य, नाभि, कटी. पुन्हा क्रमच बघायचा. छातीच्या खाली आणि बेंबीच्या वर, म्हणजे पोटाचा वरचा भाग.

शब्दवेडा

+१. काव्यात मध्य म्हणजे कंबर सर्रास येते, 'तनुमध्या' म्हणजे बारीक कमरेची. पण इथे कटी वेगळी दिलेली आहे आणि नाभीच्याही नंतर, तेव्हा वैद्यबुवा म्हणतात तेच घ्या.

तिरकस

ढोपराचा धागा काढलाय. रानवाट आणि कोरी_पाटी, या तिकडे.